वहिनींच्या कुंड्यांचे पोपडे: पाऊस बदनाम झाला ते प्रकरण

प्रकरण गुहागर तालुक्यातलं. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, चिऱ्याचं, पुढे पडवी आणि अंगण, मागच्या दोन खोल्या पर्यटकांना राहायला देतात. घर माझ्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, पण सगळा कारभार वहिनींचा. त्यांनी मे महिन्यात तीसेक मातीच्या कुंड्या घरीच रंगवल्या, झाल्या पण छान, येणारे-जाणारे त्यांच्याशेजारी बसून फोटो काढायचे, आणि गणपतीला चाकरमानी गावात उतरले तोवर अर्ध्याअधिक कुंड्यांचे पोपडे निघून अंगणभर उडत होते. माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे त्यामुळे फोन मला. "भावजी, रंग काय तुमच्याकडचा नव्हता, पण आता करू काय ते सांगा." मी गणपतीला जाणारच होतो, म्हटलं वहिनी, एकही कुंडी घासू नका पुसू नका, आहे तशी राहू दे, मला बघायचीय.

एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे दर पावसाळ्यानंतर दुकानात ही तक्रार येतेच, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, पावसाने रंग घालवला. मग ते अजून महागडं वार्निश मागतात. या घरातल्या कुंड्या नीट बघितल्यावर पावसाचा त्यात फारसा हात नाही हे अगदी स्वच्छ दिसलं, आणि वार्निशने तर काम आणखी बिघडवलं होतं.

कुठल्या कुंडीवर काय होतं

सगळ्या कुंड्यांना एकच रंग असता तर मलाही काही कळलं नसतं. पण वहिनींनी घरात जे मिळेल ते वापरलं आणि त्यामुळे तुलना करायला आयता माल मिळाला.

नव्या कुंड्या घाटावरून येणाऱ्या टेम्पोवाल्याकडून घेतलेल्या. त्यांना छोट्या बाटल्यांतले अ‍ॅक्रिलिक रंग, दोन हात, आणि वरून चकचकीत वार्निशचे दोन हात. हे सगळं मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, आता ती व्हिडिओवाली बाई कुठल्या गावात राहते देव जाणे, पण तिच्या बाल्कनीत आपल्याकडचा आषाढ येत नसणार हे नक्की. जुन्या कुंड्या, म्हणजे ज्यात आधी झाडं होती त्या, रिकाम्या करून धुतल्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर व्हाइट सिमेंट फासलं कारण अंग खडबडीत होतं, आणि त्यावर गेटला लावून उरलेला डब्यातला ऑइल पेंट. तुळशीची कुंडी यातलीच. मग पडवीतल्या चार कुंड्या अशा की बाहेरून रंगवलेली मातीची कुंडी आणि आत नर्सरीतून आलेली काळी प्लास्टिकची कुंडी तशीच उतरवलेली, मनीप्लांट, पाम वगैरे शोभेची झाडं. आणि पाच-सहा कुंड्या रंगवून गडग्यावर, म्हणजे आवाराच्या बुटक्या दगडी भिंतीवर, ओळीत नुसत्याच मांडलेल्या, झाडं मागून आणू म्हणून, ती काय आली नाहीत.

आता बघा. गडग्यावरच्या रिकाम्या कुंड्या अख्खा पावसाळा उघड्यावर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सगळा यांनी डोक्यावर घेतला, पाणी आत पडलं ते बुडाच्या भोकातून निघून गेलं, आणि यांचा रंग जवळपास जसाच्या तसा. पडवीत मात्र जिथे पावसाचा थेंब पोचत नाही, फार तर वारा फिरला की झड येते, तिथल्या झाड असलेल्या कुंड्यांचे पोपडे निघालेले. आणि त्याच पडवीत, हातभर अंतरावर, प्लास्टिकची कुंडी आत असलेल्या चारही कुंड्या ठणठणीत. इथेच पावसावरचा आळ उठला. रंग गेला तो फक्त ज्या कुंडीत ओली माती थेट भिंतीला टेकलेली होती त्या कुंडीचा.

दुसरी खूण म्हणजे जागा. काठापासून तीन-चार बोटं खालपर्यंत रंग धड, मग फोड, आणि बुडाशी तर रंगच नाही. आत माती कुठवर भरलीय ते मला बाहेरून सांगता येत होतं. एका फोडाखाली मी नख घातलं, पोपडा अख्खा हातात आला, अ‍ॅक्रिलिक आणि वार्निश मिळून लवचिक पापुद्रा, त्याच्या पाठीला कुंडीची तांबडी माती पातळ थरात चिकटलेली आणि मध्येमध्ये पांढरी भुकटी. खालचं खापर ओलं, गडद. म्हणजे रंग वरून झिजला नव्हता, आतून ढकलला गेला होता.

आणि एक कुंडी, पुतणीने स्वतःसाठी रंगवलेली, तिला वार्निश लागलंच नव्हतं कारण बाटली संपली. त्याच टेम्पोतली कुंडी, तेच रंग, शेजारीच ठेवलेली, आणि तिचे फोड बाकीच्यांपेक्षा बरेच कमी. वहिनी म्हणाल्या, "हिला तर आम्ही काहीच केलं नाही हो." म्हटलं, म्हणूनच.

आत काय चालतं

माठातलं पाणी गार का राहतं हे शाळेत सगळ्यांनी लिहिलंय. खापराला बारीक छिद्रं असतात, पाणी त्यातून बाहेर झिरपतं, बाष्प होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कुंडी हेच करते, दिवसरात्र. आपल्याकडच्या साध्या भट्टीत माती साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत भाजली जाते, त्यात ती टणक होते पण छिद्रं तशीच राहतात, बरणीसारखी पाणी न झिरपणारी व्हायला ११००-१२०० अंशांच्या आसपास किंवा पुढे जावं लागतं आणि मातीही त्या जातीची लागते. ही छिद्रं म्हणजे दोष नव्हे, त्यामुळेच मातीच्या कुंडीत मुळांना हवा मिळते आणि जास्तीचं पाणी भिंतीतून निघून जातं.

आता या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला रंगाचा पापुद्रा चढवला की पाणी तिथवर येतं आणि अडतं. नुसता अ‍ॅक्रिलिक रंग थोडंफार बाष्प जाऊ देतो. वर चकचकीत वार्निशचे दोन हात दिले की तीही वाट बंद. मग पावसाची उघडीप झाली, तासभर कडक ऊन पडलं, कुंडी तापली की अडकलेल्या पाण्याची वाफ रंगाला उचलते, तो फोड. संध्याकाळी बसतो, दुसऱ्या दिवशी परत उठतो, आठ-पंधरा दिवसांत फुटतो.

दुसरं कारण लोणा. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंतीला जमिनीलगत पांढरं फुलून येतं आणि गिलावा सुटतो तेच. पाण्याबरोबर विरघळलेले क्षार बाहेर येतात, पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहून त्यांचे स्फटिक वाढतात, आणि ते रंगाच्या मागे वाढले तर रंगाला पुढे रेटतात. वहिनींच्या विहिरीचं पाणी एरवी गोडं, पण एप्रिल-मेमध्ये पातळी खाली गेली की मचूळ होतं, किनाऱ्यालगतच्या बहुतेक विहिरींचं हेच. तेच पाणी कुंड्यांना. त्यात झाडं पटकन फुलावीत म्हणून पाण्यात विरघळणारं एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) खत दर आठवड्याला, तेही शेवटी क्षारच. जुन्या कुंड्यांच्या खापरात तर आधीच्या कैक वर्षांचे क्षार मुरलेले.

पांढरं काय आहे ते बघायला एक सोपी गोष्ट केली, कोणालाही करता येईल. भुकटी थोडी बशीत घेऊन एका ढिगावर पाण्याचा थेंब, दुसऱ्यावर लिंबाचा रस. अ‍ॅक्रिलिकच्या पोपड्यामागची भुकटी पाण्यातच विरघळली, लिंबाने काहीच नाही, म्हणजे पाण्यातले आणि खतातले क्षार. व्हाइट सिमेंटवाल्या कुंडीवरची भुकटी पाण्यात विरघळेना आणि लिंबाचा रस पडताच बारीक बुडबुडे, म्हणजे चुन्याचा अंश. एवढा फरक कळला की उपाय बदलतो. पहिला भिजवून जातो, दुसरा नुसत्या पाण्याने जात नाही, व्हिनेगर पाण्यात घालून ब्रशने घासायला लागतो.

ऑइल पेंटची वेगळीच कथा

जुन्या कुंड्यांवर फोड कमी होते पण रंग मऊ पडलेला, बोट लावलं तर चिकट, काही ठिकाणी सालीसारखा ओढून निघत होता. वहिनींना वाटत होतं डबा जुना म्हणून. खरं कारण खालचं व्हाइट सिमेंट. सिमेंट अल्कली असतं, ऑइल पेंटमधलं तेल अल्कलीला भेटलं आणि मध्ये ओल असली की त्याचा हळूहळू साबण होतो. हो, साबणच, तीच रासायनिक क्रिया. नव्या सिमेंटच्या भिंतीवर लगेच ऑइल पेंट मारला की होतं तेच, पेंटर लोकांना हे माहीत असतं. कुंडीत तर ओल बारा महिने.

पण मला जास्त काळजी वाटली ती तुळशीच्या कुंडीची. तो डबा गेट बसवलं तेव्हाचा, म्हणजे बऱ्याच वर्षांपूर्वीचा. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल रंगांत, शिसं असायची शक्यता बरीच. हा डबा नेमका केशरी. त्या तुळशीची पानं नैवेद्यावर, काढ्यात, पोरं येताजाता तोंडात टाकतात. रंग बाहेरून होता हे खरं, पण पोपडे झाडाच्या बुडात पडत होते. ती तुळस नव्या साध्या कुंडीत नव्या मातीत लावली, आणि जुनी कुंडी घासायच्या फंदात न पडता टाकून दिली. जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही, धूळ नाकात जाते, घासायचाच तर ओला करून, पोरांना लांब ठेवून. आणि बोटीचा किंवा लोखंडाचा उरलेला रंग खायच्या झाडाच्या कुंडीला लावूच नका, आपल्या किनाऱ्यावर घरोघरी असे अर्धे डबे पडलेले असतात म्हणून सांगतो.

दुरुस्ती, आणि ती गणपतीत का केली नाही

वहिनींना सगळं दोन दिवसांत परत हवं होतं, पाहुणे होते. मी नाही म्हटलं. भाद्रपदात आपल्याकडे हवेत इतका दमटपणा की कपडे पंख्याखाली सुकतात, तिथे बोटभर जाडीचं खापर काय सुकणार. वरून कोरडं दिसतं, आत ओल असते. मे महिना तरी कुठे चांगला, घामाने भिजायचे दिवस ते, आणि रंग पक्का व्हायच्या आत आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, लगबग सुरू. अ‍ॅक्रिलिक तासाभरात हाताला कोरडा लागतो पण पुरता पक्का व्हायला काही आठवडे जातात हे बाटलीवर कोणी वाचत नाही. कोकणात कुंडी रंगवायचे खरे दिवस दसऱ्यानंतरचे, ऑक्टोबरचं ऊन ते थंडी संपेपर्यंत.

तर ऑक्टोबरात कुंड्या रिकाम्या करून, पोपडे पत्तीने आणि तारेच्या ब्रशने काढून, सगळ्या मोठ्या टपात भिजत घातल्या, पाणी रोज बदलायचं. मचूळ पाण्यात भिजवून उपयोग नाही म्हणून आम्ही पावसाचं साठवलेलं वापरलं. दरम्यान प्रत्येक कुंडी रिकामी असताना बोटाने वाजवून बघितली, टणटणीत वाजते ती चांगली भाजलेली, बद्द वाजते तिला कुठेतरी तडा, ती बाजूला. मग उन्हात, पालथी, खाली दोन काठ्या ठेवून म्हणजे आत वारा फिरतो.

पुढे वाटा तीन केल्या, आणि कुठल्या कुंडीला कुठली हे रंगावरून ठरवलं नाही, झाडावरून ठरवलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला महत्त्वाचा निर्णय हाच.

ज्या झाडांना मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, तुळस, गुलाब, सदाफुली, अडेनियम, त्यांच्या कुंड्यांना पापुद्रा धरणारा रंग नाहीच. त्यांना चुना. आपल्याकडे तुळशीवृंदावनाला तुळशीच्या लग्नाआधी गेरू आणि चुना लावतात, ते का टिकतं याचा कधी विचार केलाय? चुना पापुद्रा धरत नाही, खापरात मुरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो आणि तरी बाष्प जाऊ देतो. लोणा आला तरी चुन्यातून बाहेर फुलतो, ब्रशने झटकला की झालं. आणि त्याची गंमत अशी की अ‍ॅक्रिलिकला कुंडी कोरडी ठणठणीत लागते, चुन्याला ओली. आधी कुंडीवर पाणी शिंपडायचं, भिजवलेला जुना चुना ताकासारखा पातळ करायचा आणि पातळ पातळ तीन-चार हात, प्रत्येक हात दुसऱ्या दिवशी. ओला असताना तो दिसतच नाही, पारदर्शक असतो, सुकता सुकता पांढरा उठतो. लोकांना वाटतं लागलाच नाही, म्हणून घट्ट थापतात, आणि थापलेला चुना मग कवच होऊन निखळतो. वहिनींनी पहिल्या कुंडीला हेच केलं, दुसऱ्या दिवशी स्वतःच हसल्या. कळीचा चुना घरी भिजवायचा उद्योग करू नका, उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. तयार भिजवलेला मिळतो, तोही हातमोजे घालून.

रंग हवेत तर चुन्यात चालणारे निवडायचे. गेरू चालतो पण चुन्यात गुलाबी होतो हे लक्षात ठेवा. पिवडी, म्हणजे पिवळी माती, चालते, नीळ चालते, घरोघरी भिंतींना नीळ घातलेला चुना लागायचाच. पुतणीने पिवळ्यासाठी गुपचूप हळद घातली आणि वाटीत भडक लाल रंग, ती ओरडलीच. हळद चुन्यात लालच होते, पूर्वी कुंकू त्यावरच बनायचं. दिसायला सुंदर, तिने त्याची नक्षी काढलीसुद्धा, पण उन्हात महिन्याभरात उडून गेली.

मातीच्या कुंडीला आधी तांबडा बेस द्यायचा हा प्रकार मला कधीच कळला नाही. कुंडी मुळात तांबडीच आहे ना? उघड्या खापरावर पांढऱ्या चुन्याची नक्षी, बस. वहिनींची आधीची नक्षी सगळी वारली, इंटरनेटवरून उतरवलेली, गोल नाचणारी माणसं वगैरे. वाईट काहीच नाही, पण वारली ती उत्तरेकडची, पालघर, डहाणू, तलासरीची, आणि तिथे ती गेरू-शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, लग्नाच्या चौकात. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. मला आपलं वाटतं आपल्या अंगणात आपल्या रांगोळीची ठिपके-वेल यावी, पण हा माझा खाजगी हेका, वहिनींनी निम्म्या कुंड्यांवर नाचणारी माणसं ठेवलीच. तांदळाच्या पिठाचा हट्ट मात्र मी मोडला. पावसाळी हवेत त्याला बुरशी येते आणि मुंग्या ते खाऊन टाकतात.

दुसरी वाट, ज्यांना ओल चालते ती झाडं, नेचे, अळूसारखी पानं, आणि वहिनींना भडक रंगच हवा आहे अशा कुंड्या. तिथे भिंत आतून बंद करायची. पूर्ण कोरड्या कुंडीच्या आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला उभा दुसरा आडवा, मातीच्या पातळीच्या वर एक बोटभर, आणि भोकाच्या आतली कडसुद्धा, फक्त भोक बुजवायचं नाही. आठवडाभर सुकू द्यायचं. मग भोकाला कापडाचा बोळा मारून कुंडी पाण्याने भरून २४ तास ठेवायची आणि बाहेरून बघायचं. कुठे गडद डाग उठला तर तिथे ब्रश चुकलाय. वहिनींच्या दोन कुंड्यांना बुडाच्या कोपऱ्यात असा डाग आला, परत हात मारला. ही चाचणी बाहेरचा रंग लावायच्या आधी, नंतर करून काय उपयोग. मग बाहेरून एक्स्टिरियर प्रायमर, अ‍ॅक्रिलिक, आणि वार्निश हवंच तर मॅट, एकच हात. डांबराचा काळा रंग आतून स्वस्तात लागतो हे मला माहीत आहे, मी देत नाही, पाण्याऐवजी तोच बाहेर झिरपून फिक्या रंगावर पिवळट-तपकिरी डाग पाडतो.

अशा कुंडीचं पाणी मात्र बदलावं लागतं. भिंतीतून जाणारं पाणी आता जात नाही, म्हणजे पूर्वीइतकंच घातलं तर मुळं कुजणार. बोटाचं पहिलं पेर मातीत घालायचं, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. हे वहिनींना पटलं, दादाला नाही पटलं, तो सवयीने रोज संध्याकाळी सगळ्यांना पाइप फिरवतो.

तिसरी वाट सगळ्यात सोपी, मातीची कुंडी नुसता अंगरखा, झाड आतल्या प्लास्टिकच्या कुंडीत. रंग वर्षानुवर्षं टिकतो कारण खापराला ओल लागतच नाही. वहिनींना ही सगळ्यात आवडली, पर्यटकांच्या मोसमात आतली कुंडी बदलली की नवं झाड.

पुढच्या पावसाळ्यात काय झालं

चुन्याच्या कुंड्यांवर पोपडा एकही नाही. नैर्ऋत्येकडची बाजू, जिकडून झड येते, तिकडची नक्षी फिकी पडली, बुडाकडे हिरवं शेवाळ चढलं, आणि अंगणातल्या तांबड्या मातीचे शिंतोडे वीतभर उंचीपर्यंत. हे शिंतोडे कोकणात कोणालाच चुकत नाहीत, म्हणून आता वहिनी बुडाचा वीतभर भाग नुसता सोडून देतात आणि कुंडी चिऱ्याच्या तुकड्यांवर उचलून ठेवतात. उचलल्याचा फायदा असा की ओल्या जमिनीचं पाणी बुडातून वर चढत नाही आणि भोकही गाळाने बुजत नाही.

आतून बंद केलेल्या बहुतेक नीट राहिल्या. तिघींचा रंग काठावर सुटायला लागला, आणि तिथे कारण खरंच वरून आलेलं पाणी होतं: काठाची वरची सपाट कड रंगवायची राहिली होती, उघड्या खापरातून पाणी शिरलं आणि रंगाच्या मागून उतरलं. कड रंगवायची तर आतल्या वॉटरप्रूफिंगला मिळेपर्यंत रंगवायची, मध्ये फट नको. आणि एक गुलाब गेला. तो आतून बंद केलेल्या कुंडीत जायलाच नको होता, कुंडी निळी होती आणि गुलाब गुलाबी, वहिनींना ते शेजारी-शेजारी फार आवडलं. दादाचा पाइप होताच.

प्लास्टिक आत असलेल्या कुंड्यांचा रंग उत्तम, पण जुलैत एका बाहेरच्या कुंडीत डासांच्या अळ्या सापडल्या. झालं होतं असं की तिचं भोक कोणीतरी टेपने बंद केलेलं, पडवीत डाग नको म्हणून. डेंग्यूचा डास असंच स्वच्छ साठलेलं पाणी शोधतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. राहायची सोय असलेल्या घरात तर हे अजिबात परवडणारं नाही. आता टेप काढलाय, खाली बशी आहे, आणि बशी दर रविवारी ओतून पुसायचं काम पुतणीकडे.

खताचं पण बदललं. एकोणीस-एकोणीस बंद नाही, पण महिन्यातून एकदा आणि निम्म्या जोराचं, बाकी शेणखत. आणि पावसाळ्यात एकदा सगळ्या कुंड्या दोन दिवस पूर्ण उघड्यावर ठेवायच्या, पागोळीखाली नव्हे कारण तिथे माती उकरली जाते, तर अंगणात मधोमध, म्हणजे उन्हाळ्यात साठलेले क्षार पावसाच्या पाण्याने धुऊन भोकातून जातात. ज्या पावसाला शिव्या घातल्या तोच इथे कामाला येतो.

यंदा वहिनींना गेटजवळच्या दोन मोठ्या कुंड्या निळ्या हव्यात, आत जास्वंद. जास्वंद पाणी पिणारं झाड आहे, आतून बंद केलेलं चालेल असं मी म्हटलं, पण त्यांना आता चुन्याची गोडी लागलीय, नीळ घालून चुनाच लावणार म्हणतात, तुळशीच्या लग्नाच्या आधी. नीळ कोरडी थेट चुन्यात टाकू नका, आधी पाण्यात कालवून कापडातून गाळा, नाहीतर ब्रशखाली गडद रेघा उमटतात, एवढं सांगून ठेवलंय.